मागच्या दाराची खेळी

बाईंनी डावीकडच्या घोड्यासमोरचे पांढरे प्यादे उचलले, दोन घरे पुढे ठेवले आणि तो हात मांडीवर आणून दुसऱ्या हाताने धरून ठेवला.

टेबलापलीकडच्या तपासनिसाने आधी पटाकडे पाहिले, मग बाईंकडे, मग पुन्हा पटाकडे. त्याच्या कोपराशी बुद्धिबळाच्या आरंभांचे एक जाडजूड पुस्तक होते. त्याच्या पहिल्या पानावर बंद केलेल्या एका ग्रंथालयाचा शिक्का होता, आणि त्या शिक्क्यावर कक्षाचा नवा शिक्का नेमका मारलेला होता. त्याने पुस्तक उघडले, बोट अनुक्रमणिकेवरून खाली नेले, पान उलटले, पुन्हा मागे आणले.

“हे काय?”

“खेळी, साहेब. दहावरून सव्वीस.”

“ते दिसतंय मला. पण हे कुठलं? राजासमोरचं आहे यात. वजिरासमोरचं आहे. हे नाही.”

“क्वचित खेळतात. कडेचा आरंभ आहे. तसा वाईट नाही.”

“चांगला की वाईट ते माझं काम नाही, बाई. आहे की नाही, एवढंच माझं काम.”

विशेष पत्रव्यवहार कक्षाचा नियम असा होता की अटकेतल्या माणसाला आणि त्याच्या एका नोंदणीकृत नातेवाइकाला आठवड्यातून एक कार्ड पाठवता येईल. मात्र कार्डावर शब्द असता कामा नये. शब्दांनी काय होऊ शकते हे सरकारला पक्के ठाऊक होते. त्या बाबतीत सरकारची जाण बाई ज्या शब्दकोशाचे काम करत, त्या कोशमंडळातल्या निम्म्या सभासदांपेक्षा बरी होती. शब्दांऐवजी काय चालेल याची एक यादी भिंतीवर लावलेली होती: विणकामाचे नमुने, पाढे, बुद्धिबळाच्या खेळ्या. पटावरची घरे जगभर एक अक्षर आणि एक अंक मिळून ओळखली जातात. पण अक्षर हे शब्दाचे बी असते असा आक्षेप वरून आला, आणि कक्षाने घरांना एक ते चौसष्ट असे सरळ क्रमांक देऊन टाकले. यादीशेजारी दुसरी पाटी होती. ‘मोठ्याने बोलू नये. कुजबुजू नये.’ या दोन आज्ञांच्या मधल्या पट्टीत जो काही आवाज उरतो, त्यात दर मंगळवारी सगळे बोलत.

नातेवाइकाने खेळी कक्षाच्या पटावर करून दाखवायची, तपासनिसाने ती पुस्तकाशी ताडायची आणि कार्ड स्वतः टंकलिखित करायचे. उत्तरही टंकलिखितच यायचे. ते इथेच वाचायचे आणि परत द्यायचे. दीड वर्षात बाईंनी धाकट्या भावाचे अक्षर पाहिले नव्हते. भाऊ संख्याशास्त्र शिकवायचा. एका कारखान्यातल्या स्फोटात किती माणसे गेली याची त्याने बेरीज केली आणि ती छापली. बेरीज बरोबर होती, आणि आरोपपत्रात ती चूक असल्याचे कुणी म्हटलेही नव्हते.

तपासनिसाने पुस्तक मिटले.

“पुस्तकात नाही ती खेळी म्हणजे निरोप, असं आमच्या वरचे धरून चालतात. मागे एका काकांनी पहिल्याच झटक्यात घोडा पटाच्या काठाला नेऊन ठेवला. तीन महिने चौकशी चालली.”

“काय निघालं?”

“काकांना खेळताच येत नव्हतं.” तो हसला नाही. “तुम्हाला येतं. म्हणून विचारतो. दोन डाव सरळ खेळलात. आजच हे का?”

आजच का, ते बाईंना नेमके सांगता आले असते. पहिला डाव चाळीस आठवडे चालला होता. भावाने त्यात दोन मोहरी उधळून दिली होती, हरलेला डाव अकरा आठवडे फरफटवला होता आणि शेवटी मात करून घेतली होती. तो लहानपणापासून तसाच. डाव सोडून देणे त्याला जमायचेच नाही. दुसऱ्या डावात पांढरी मोहरी त्याची होती. राजासमोरचे प्यादे दोन घरे, मग घोडा, मग उंट. सगळे पुस्तकातल्यासारखे, इस्त्री केल्यासारखे. आणि सत्ताविसाव्या आठवड्यात, एक उंट गेल्याबरोबर, कार्डावर एकच आकडा आला होता. शून्य. डाव सोडला.

त्या शून्यापासून बाईंना झोप नव्हती. चाळीस वर्षे त्यांनी दुसऱ्यांच्या वाक्यांवरून ती कोणाची हे ओळखायचे काम केले होते. हे सत्तावीस आठवडे कोणाचे होते, ते त्यांना ओळखता येत नव्हते, किंवा येत होते.

“लहानपणी आम्ही असंच खेळायचो,” त्या म्हणाल्या. “त्याला जरा बरं वाटेल.”

“असंच म्हणजे?”

“आमच्या घराला दोन दारं होती. वडील म्हणायचे, समोरून सगळेच येतात, तू मागच्या दारानं जा. म्हणून हे प्यादं. याला आम्ही मागचं दार म्हणायचो.”

“बरं.” तपासनिसाने पेन्सिल उचलली. त्याची बोटे टंकयंत्राच्या फितीने जांभळी झालेली होती. “मी हे टिपणात घालतो. कौटुंबिक आरंभ. आणि तो काय उत्तर द्यायचा?”

बाईंनी मांडीवरचा हात आणखी घट्ट धरला.

सात दिवस त्यांनी या खोलीची तयारी केली होती. हा आरंभ खेळलेल्या मोठ्या खेळाडूंची नावे पाठ केली होती, तो वाईट नसल्याचे तीन पुरावे मनाशी मांडले होते. आणि शाळेतल्या पोरानेही विचारला असता असा हा प्रश्न त्यांना सुचलाच नव्हता. विद्वत्तेचे हे असेच असते. ती गडाच्या सगळ्या बुरुजांवर तोफा चढवते आणि वेशीवर पहारा ठेवायला विसरते.

उत्तर साधे होते. भाऊ सहा वर्षांचा होता, बाई बारा. त्यांनी हे डावीकडचे प्यादे सरकवले की तो पलीकडून पार उजव्या टोकाचे काळे प्यादे एक घर पुढे करायचा. ज्या बाजूला काहीच चाललेले नाही, त्या बाजूला. “तू मागून आलीस ना? मी पुढच्या दाराला कडी घातली. आता तू आतच!” असे म्हणून तो खरोखर उठायचा आणि घराच्या पुढच्या दाराला कडी घालायचा. आई भाजी घेऊन बाहेर तिष्ठत राहायची आणि दारावर थापा मारून दोघांचा उद्धार करायची. पुढे तो प्राध्यापक झाला, केस पिकले, तरी या आरंभाला त्याने दुसरे उत्तर कधी दिले नाही. छप्पनवरून अठ्ठेचाळीस. जगातल्या कोणत्याही पुस्तकात हे उत्तर नव्हते. याच उत्तरासाठी बाईंनी आज ते प्यादे हलवले होते. ते आले तर भाऊ आहे.

आणि ते आता सांगितले, तर पुढच्या मंगळवारी ते येणारच होते. भाऊ असो वा नसो.

“बाई?”

“डावं टोक,” बाई म्हणाल्या. “एकोणपन्नासवरून एक्केचाळीस. ज्या दारानं चोर आला, त्याच दाराला कडी.”

“शहाणं पोर.” पेन्सिल कागदावर चालली. “नेहमी हेच?”

“नेहमी.”

“मग हरकत नसावी. इथे सही करा. खुलासा खरा असल्याबद्दल.”

बाईंनी सही केली. कोशाच्या अकरा खंडांत, प्रत्येक खंडाच्या शेवटी, हीच सही होती, आणि तिच्या वर एकही खोटा दाखला आजवर छापला गेला नव्हता.

पेनाला टोपण लावताना त्यांना दुसरी गोष्ट दिसली. भाऊ जिवंत असेल, तर तो खरेच उत्तर पाठवील. उजवे टोक. मग हा सभ्य माणूस टिपण काढील, सही काढील आणि म्हणेल, बाई, तुम्ही डावे म्हणाला होतात. पुस्तकात नसलेली खेळी, तिला खोटा खुलासा, आणि आतून आलेले तिसरेच उत्तर. निरोप म्हणतात तो याहून वेगळा काय असतो? आणि अशा वेळी चौकशी आधी आतल्या माणसाची होते.

तपासनीस यंत्रात कार्ड सरकवत होता. “पुढच्या मंगळवारी,” तो म्हणाला.

बाहेरच्या बाकावर निवृत्त स्टेशनमास्तर बसलेले होते. त्यांचा मुलगाही आत होता. अजून ते वेळ विचारली की मिनिटांसकट सांगत.

“आज एकोणीस मिनिटं लावलीत, बाई. घोडा अडला का?”

“प्यादं.”

“प्यादीच अडायची. राजे कधी अडलेत?” ते पाटीच्या नियमात बसेल इतक्याच आवाजात हसले. “आमचं तर पाढ्यांवर चाललंय. मी अठराचा पाठवतो, तो एकोणिसाचा पाठवतो. गेल्या खेपेला माझा साडेतीनाचा परत केला. म्हणे, अर्धवट आकड्यात काहीतरी दडलेलं असतं.”

बाईंनी हसायचा प्रयत्न केला. पायऱ्या उतरताना त्यांनी कठडा दोन्ही हातांनी धरला.

घरी भावजय वाट पाहत होती. ती चष्म्याच्या दुकानात काचा घासून बसवायचे काम करी, आणि मंगळवारी अर्धी रजा टाकून बाईंच्या आधी घरी येई. तिचे नाव कक्षाच्या वहीत नव्हते. एकाच नातेवाइकाची नोंद करता येत होती, आणि बुद्धिबळ बाईंना येत होते. पुढचे दार नुसते ओढून घेतलेले होते. भावाला नेले तेव्हापासून तिने त्या दाराला कडी घातली नव्हती. तो आला तर त्याला थांबावे लागू नये, एवढेच तिने एकदा सांगितले होते, आणि त्यानंतर कुणी विचारले नव्हते.

“घेतली त्यांनी?” तिने विचारले.

“घेतली.”

“काही बोलले?”

“पुस्तकात नाही म्हणाले.”

“ह्यांची कुठली गोष्ट पुस्तकात असते!” भावजयीने खिडकीपाशी मांडलेल्या जुन्या पटावर पांढरे प्यादे दोन घरे पुढे सरकवले. त्या पटावरच्या डाव्या घोड्याला कान नव्हता. “म्हणजे मंगळवारी उजवं टोक. वन्सं, आलं ना ते, तर मी ह्या घरात नाचेन. आधीच सांगून ठेवते.”

“नाच.”

“तुम्ही अशा का दिसताय?”

“जिने फार आहेत तिथे.”

डाव्या टोकाचे त्यांनी तिला सांगितले नाही. सांगायला तोंड उघडले होते. पण भावजय तेवढ्यात पटावरची धूळ पदराने पुसू लागली, एकेक मोहरा उचलून, खालचे घर पुसून, पुन्हा त्याच जागी ठेवून.

बुधवार आणि गुरुवार बाई कोशमंडळात गेल्या. समोर दाखल्यांच्या चिठ्ठ्यांचा गठ्ठा होता. प्रत्येक चिठ्ठीवर एक वाक्य, ते कोणी लिहिले, कुठल्या पानावर. त्या एकेक चिठ्ठी उचलत आणि मूळ ग्रंथाशी ताडत, आणि ताडून झाली की पुन्हा पहिल्यापासून ताडत. हाताखालची मुलगी म्हणाली, “बाई, ही तुम्ही सकाळीच तपासली.” बाई म्हणाल्या, “मग काय झालं? सकाळी मी चुकले नसेनच कशावरून?” मुलीने यापूर्वी बाईंच्या तोंडून असे काही ऐकले नव्हते. तिने ती चिठ्ठी पुन्हा बाईंपुढे सरकवली.

शुक्रवारी बाई जेवणाच्या सुटीत निघाल्या आणि कक्षाच्या इमारतीसमोर येऊन उभ्या राहिल्या. मनात वाक्य तयार होते. साहेब, माझी चूक झाली, वयामुळे डावे-उजवे होते; ते उजवे टोक होते, छप्पन ते अठ्ठेचाळीस. एवढे सांगितले की भाऊ सुरक्षित. तो आत असलाच तर त्याचे खरे उत्तर टिपणाशी जुळेल, कुणी काही विचारणार नाही. फक्त बाईंना पुन्हा कधी काही कळणार नाही. दर मंगळवारी एक कार्ड येईल, आणि ते कोणाचे हे त्यांना मरेपर्यंत माहीत नसेल.

फाटकावरचा पहारेकरी त्यांना ओळखत होता.

“बाई, आज मंगळवार आहे का?”

“नाही.”

“मग?”

वर तिसऱ्या मजल्यावरच्या खिडकीत टंकयंत्राचा आवाज येत होता. बाईंनी तो थोडा वेळ ऐकला. एका माणसाचा जीव आणि स्वतःला खरे कळण्याचा हट्ट, यांतले काय निवडावे हे ज्याला उभे राहून ठरवावे लागते, त्याने आधीच काहीतरी ठरवलेले असते. हे त्यांना तिथे उभ्या उभ्या कळले, आणि स्वतःची किळस आली.

“काही नाही,” त्या म्हणाल्या. “चुकून आले.”

शनिवारी त्यांना ताप भरला. रविवारी उतरला. सोमवारी भावजयीने दुकानातून येताना एक नवा चष्मा आणला, बाईंच्या जुन्या नंबराचा.

“उद्या तो आकडा नीट दिसायला पाहिजे,” ती म्हणाली. “तुमच्या काचेवर केवढा ओरखडा आहे. तिनाचे दोन दिसायचे.”

मंगळवारी बाई वेळेआधी अर्धा तास बाकावर होत्या. त्यांनी दोन्ही शक्यता पुन्हा मांडून पाहिल्या, आणि दोन्हींतली कोणती मागावी हे त्यांना ठरवता येईना. आनंदाची बातमी आली तर तिच्या पाठोपाठ चौकशी होती. दुसरी आली तर चौकशी नव्हती, काहीच नव्हते. माणसाने घाबरावे कशाला, हेही ज्या बाकावर कळत नाही असा तो बाक होता.

स्टेशनमास्तर आतून बाहेर आले. त्यांचे डोळे चमकत होते.

“बाई, आज एक गंमत,” ते शेजारी टेकत म्हणाले. “आमच्या कार्ट्याला एकोणिसाचा पाढा जन्मात आला नाही. मी किती मारलं असेल त्यावरून! एकोणीस सत्ते म्हटलं की गाडी घसरलीच म्हणून समजा. आतूनसुद्धा सुरुवातीला चुकीचाच यायचा. एकशे पस्तीस. मला बरं वाटायचं, म्हटलं, आहे आपलाच.”

“मग?”

“आता सगळा बरोबर येतोय. पाच आठवडे झाले. एकोणीस सत्ते एकशे तेहतीस. एक चूक नाही, बघा.” त्यांनी खिशातून रुमाल काढला, चष्मा पुसला. “शेवटी शिकलाच. मारून नाही शिकला, पण शिकला.”

बाईंनी त्यांच्याकडे पाहिले. म्हातारा अभिमानाने समोरच्या भिंतीकडे पाहत होता. रुमाल मात्र त्याने मुठीत असा आवळला होता की बोटांची पेरे पांढरी पडली होती.

“हुशार आहे तुमचा मुलगा,” बाई म्हणाल्या.

“हो,” स्टेशनमास्तर म्हणाले. “हो, हो.”

आतून बाईंचे नाव पुकारले गेले.

तपासनिसाने पट आधीच मांडून ठेवला होता. पांढरे प्यादे सव्विसाव्या घरात उभे होते. आज टेबलावर जाड पुस्तक नव्हते. त्याऐवजी बाईंचे टिपण होते, उघडलेले, आणि त्याच्यावर पालथे घातलेले एक कार्ड.

“बसा. बरं वाटत नाही का? डोळे लाल दिसतात.”

“ताप होता.”

“जपा. हवा वाईट आहे.” त्याने कार्ड उलटले आणि दोन जांभळ्या बोटांनी त्यांच्याकडे सरकवले. “आलं बघा.”

नव्या काचांतून आकडे जांभळे आणि अगदी ठळक दिसत होते. तिनाचे दोन दिसण्याचा प्रश्न नव्हता. कार्डावर तीन नव्हता.

४९–४१.

दीड वर्ष छातीत एक हात घट्ट मुठीसारखा बसला होता. तो सुटला. बाईंना वाटले होते, असे काही झाले तर आपण ओरडू, किंवा पडू. तसे काही झाले नाही. खोली फार स्वच्छ दिसू लागली. टेबलाच्या कडेला उडालेला रंग, टिपणावरची स्वतःची सही, टंकयंत्राच्या पट्टीवर चिकटलेला कोऱ्या कार्डाचा एक कपटा. भीती निघून गेली होती. ती ज्याच्यासाठी राखून ठेवली होती, तो माणूसच आता तिच्या हाती लागणार नव्हता.

तपासनीस त्यांच्या चेहऱ्याकडे पाहत होता. काहीतरी द्यायला आणलेल्या माणसासारखा, थोडा पुढे वाकून.

“हेच ना?” त्याने विचारले. “तुम्ही म्हणाला होतात तेच?”

“हेच,” बाई म्हणाल्या, आणि हसल्या. ते हसू त्यांना कुठून आले ते त्यांनाही कळले नाही. पण ते चांगले जमले. “अगदी हेच. ज्या दारानं चोर आला...”

“त्याच दाराला कडी!” तो मनापासून खूश झाला. “मी वाचल्या वाचल्या म्हटलं, बाईंना आज बरं वाटेल. माणसं आत गेली की बदलतात म्हणतात. पण लहानपण कुठं जातं? मलाही मोठी बहीण आहे, बाई.”

“असं?”

“तिला खेळता येत नाही.” त्याने डाव्या टोकाचे काळे प्यादे स्वतःच एक घर पुढे सरकवले आणि खुर्ची टेबलाजवळ ओढली. “खेळा. आता काय? मी सकाळपासून विचार करतोय, आता काय खेळाल.”

बाईंनी उंट उचलला आणि प्याद्याने मोकळ्या केलेल्या दहाव्या घरात ठेवला. तिथून त्याची तिरकी नजर पटाच्या पार पलीकडच्या कोपऱ्यापर्यंत जात होती.

तपासनिसाचे डोळे त्या रेषेवरून सावकाश गेले. त्याचा हात काळ्या प्याद्यांकडे निघाला, अर्ध्यावर थांबला, आणि मग वळून टंकयंत्राकडे गेला.

“तीनवरून दहा,” तो म्हणाला. “पुढच्या मंगळवारी.”

“पुढच्या मंगळवारी,” बाई म्हणाल्या.

बाहेर बाकावर स्टेशनमास्तर अजून बसलेले होते. ते मुठीतल्या रुमालाची घडी घालत होते. घरी जाताना बस रिकामी होती. बाई खिडकीशी बसल्या आणि बोटाने गुडघ्यावर खेळ्या करत राहिल्या. एका हाताने आपल्या, दुसऱ्या हाताने भावाच्या, तो खेळला असता तशा. तशी एखादी खेळी सापडायला थोडा वेळ लागत होता. पण सापडत होती.

दार नुसते ओढलेले होते. भावजय पटापाशी उभी होती, हात मागे बांधून, शाळेतल्या मुलीसारखी.

“काय आलं?”

बाईंनी चपला काढल्या. पटाजवळ आल्या. हात उजवीकडे गेला, पार टोकाला, आणि त्यांनी तिथले काळे प्यादे एक घर पुढे ठेवले.

भावजय पटाकडे पाहत राहिली. नाचली नाही. मग तिने बाईंची हनुवटी हलकेच धरून चेहरा खिडकीच्या उजेडाकडे वळवला, दुकानात गिऱ्हाइकाचा वळवायची तसा, आणि नव्या काचांतून त्यांच्या डोळ्यांत पाहिले, आधी एका, मग दुसऱ्या.

“कार्डावर हेच होतं, वन्सं?”

“हेच.”

“छप्पन ते अठ्ठेचाळीस.”

“छप्पन ते अठ्ठेचाळीस.”

“म्हणजे पुढच्या दाराला कडी.”

“हो.”

भावजयीने त्यांची हनुवटी सोडली. ती पुढच्या दाराकडे गेली, ते नीट लावून घेतले आणि कडी ओढली. दीड वर्षात ती गंजून बसली होती. खाली यायला दोन्ही हातांचा जोर लागला. कडी बसल्यावरही भावजयीने हात लगेच काढले नाहीत.